मधला आकडा

४ फेब्रुवारी

डुबक्या,

सहा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने आधी ख्यालीखुशाली विचारावी. विचारली असं समज आणि पुढे वाच. कामाचं पत्र आहे.

तुझी लोखंडी पेटी आईच्या पलंगाखाली होती. गेल्या महिन्यातल्या पुरात ती भिजली. आत पाण्याखाली घालायचे दोन चष्मे, रबरी पाय आणि वह्यांचा फुगून झालेला लगदा. टाकू की ठेवू ते कळव. आई म्हणते टाक. आई काय, तुझ्या नावाची कुठलीही वस्तू टाकच म्हणते, म्हणून तुला विचारतेय.

हो, पूर आला होता. कानावर आलं असेलच. पाऊस नाही, वारा नाही, लख्ख ऊन पडलेलं. लांब कुठेतरी वादळ झालं होतं म्हणे, त्याच्या लाटा नेमक्या उधाणाच्या भरतीला इथे पोचल्या आणि भर दुपारी समुद्र खालच्या गल्लीत शिरला. सात घरांत कमरेएवढं पाणी. आई स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली होती. शेजारच्या सुताराने तिला पाठुंगळी घेऊन बाहेर आणलं, आणि ही बया त्याच्या पाठीवरून त्यालाच ओरडतेय, की गॅस बंद केलास का! बरी आहे ती. वर माझ्या क्वार्टरमध्ये राहायला चल म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या बाबांनी बांधलेलं घर आहे. इथून मी आडवीच निघेन." तेव्हा परत तिथेच आहे, ओल आलेल्या भिंतींना पंखा लावून बसलीय.

मी अजून धक्क्यावरच आहे. सकाळी दहा आणि दुपारी चार, पाण्यातली पट्टी वाचायची, आकडा रजिस्टरात चढवायचा. डिसेंबरात रिटायर होते, मग सुटले.

आणि हो, एक बारीकशी गोष्ट. बंदर कार्यालयाला समुद्रातल्या प्रवाळाच्या कट्ट्यात दुसरा चर मारायचाय, उत्तरेच्या अंगाला. मोठ्या बोटी आत याव्यात म्हणून. एकवीस तारखेला सुनावणी आहे. तुला काय त्याचं म्हणा. उगाच सांगितलं.

पेटीचं कळव.

ताई


९ फेब्रुवारी

डुबक्या,

पत्र पोचायला दोन दिवस, यायला दोन दिवस. आज पाचवा. पोस्टमन दिसला की मी खिडकीशी जाते आणि तो सायकल न थांबवताच मान हलवतो. आता तर लांबूनच हलवतो. मेल्याला मजा वाटते.

मागच्या पत्रात मी 'बारीकशी गोष्ट' लिहिलं होतं. बारीक नाही ती. ऐक.

काल साहेब माझ्या टेबलाशी आले. साहेब म्हणजे नवे, गोरेगोमटे, सगळ्यांना 'मॅडम' म्हणतात. हातात एक कागद. माझ्याच रजिस्टरातला उतारा, टाइप केलेला. खाली लिहिलेलं, 'सबब पहिला चर मारल्यानंतर पाण्याच्या पातळीत कोणताही फरक पडलेला नाही.' त्याखाली माझी सही हवी. तो कागद एकवीसला सुनावणीत ठेवणार आणि त्याच्या जोरावर उत्तरेच्या कट्ट्याला सुरुंग लावणार.

मी म्हटलं, "साहेब, चष्मा घरी राहिला."

ते म्हणाले, "मॅडम, चष्मा तुमच्या नाकावर आहे."

तर मी म्हटलं, हा लांबचा, जवळचा घरी राहिला. तोंडाला येईल ते बोलले मी. ते हसले, म्हणाले वीस तारखेपर्यंत द्या, तुमच्या आकड्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. मागच्या खेपेलाही त्यांनीच निकाल लावला होता ना?

लावला होता. तुला आठवण करून द्यायला नको. पहिला चर मारून वर्ष झालं होतं. तू भर सभेत उभा राहून सांगत होतास, हा कट्टा म्हणजे नुसता दगड नाही, प्रवाळ आहे, जिवंत आहे, स्वतःला रोज थोडंथोडं बांधतोय. समुद्राची लाट त्याच्यावर आपटते आणि तिची सगळी मस्ती तिथेच जिरते, म्हणून आपण मागे सुखाने झोपतो. चरातून ती न मोडता आत येते. निदान मोठे धोंडे टाकून तो अरुंद तरी करा. आणि पहिल्या रांगेत बाबा. होडीवाल्यांचे पुढारी. कट्ट्याला वळसा घालून यायला रोज तासभर मोडायचा, म्हणून चर मागितला त्यांनीच. मग साहेबांनी, तेव्हाच्या, मला रजिस्टर वाचायला सांगितलं. चराच्या आधी उधाणाची भरती: एक मीटर नव्वद. चरानंतर: एक मीटर नव्वद. सभा हसली. बाबा उठून म्हणाले, "माझा पोरगा खोटारडा आहे, ह्याचं कोणी मनावर घेऊ नका." त्याच संध्याकाळी तू पिशवी उचललीस.

एवढंच. पेटी मी माझ्याकडे आणलीय.

ताई


१३ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी सहा शब्द. 'सही कर. तुझं अक्षर छान आहे.'

वा रे वा! ह्यासाठी मी चार दिवस पोस्टमनची वाट बघितली? मी ते कार्ड फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. मग चहा टाकला आणि तो उतू गेला.

तुला वाटतं मी मजेत आहे. बसून बघ एकदा इथे. दिवसभर तो कागद ड्रॉवरमध्ये आणि मी दर दहा मिनिटांनी ड्रॉवर उघडून बघतेय, तो आहे ना. पट्टी वाचायला जाते आणि आकडा विसरून परत येते, पुन्हा जाते. शिपाई म्हणाला, बाई, आज व्यायाम चाललाय का.

म्हणून मी काल रजा टाकली आणि कट्ट्यावर गेले. हो, मी. सव्वीस वर्षं धक्क्यावरून ज्याला लांबून बघितलं, त्याच्यावर पहिल्यांदा पाय ठेवला. मौनीकाकांनी होडीतून नेलं. बाबांचे दोस्त, तेच ते, ज्यांचं तोंड जन्मात कधी बंद झालं नाही.

पूर्ण ओहोटी होती. मी जुन्या चपला घालून उतरले आणि तिसऱ्या पावलाला घसरले. प्रवाळ काय धारदार असतं रे! घोटा सोलून निघाला. काका म्हणाले, "ह्याच्या ह्या काट्याकुट्यांनाच लाट घाबरते. गुळगुळीत असता तर वरून घसरून आली असती."

मग मी बाहेरच्या कडेला तोंड करून उभी राहिले. माणूसभर उंचीची लाट आली. वाटलं, गेले आता. ती कडेवर फुटली, फेस झाला, आणि माझ्यापर्यंत आली तेव्हा घोट्याएवढी होती. माझ्या पायाचं रक्त धुऊन गेली बस. वीस पावलांत! दुसरी आली, तिचं तेच. मी मोजत बसले. एकही पार झाली नाही. तू शाळेत असल्यापासून घसा फोडून सांगत होतास आणि मी म्हणायचे, हो रे बाबा, जेव आता.

मग काकांनी मला चराशी नेलं. तिथे लाट फुटतच नाही. चालत आत जाते. बाबांच्या लोकांनी चर अगदी सरळ मागितला होता, आठवतं? नैसर्गिक फट वाकडी होती, होडी तिच्यातून वळायचीच नाही, म्हणून सुरुंगाने सरळ करून घेतली, आणि धक्क्यावरचा दिवा समोर दिसेल अशी रेषा धरली. मी त्या रेषेत उभी राहून किनाऱ्याकडे बघितलं. दिव्याच्या बरोबर खाली, गल्लीच्या तोंडाशी, आईचं हिरवं दार.

काकांनीही तिकडेच बघितलं. म्हणाले, "मागायला आम्हीच पुढे होतो, पोरी. तुझ्या बापाच्या मागे. आता उत्तरेचा गेला की वरची आळीपण गेली आणि शाळापण. ह्यांना कोण सांगणार?"

मला घरी सोडा म्हटलं.

ताई


१७ फेब्रुवारी

डुबक्या,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. आता उभ्याउभ्या लिहितेय, खिडकीच्या फळीवर कागद ठेवून, कारण बसलं की उठावंसं वाटतं.

पट्टी कशी वाचतात हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस आणि मला तरी त्यात सांगण्यासारखं काय वाटलं असतं. पाणी कधी स्थिर नसतं. ते पट्टीवर वरखाली होत राहतं. म्हणून नियम असा: दोन मिनिटं बघायचं. सगळ्यात वरचा आकडा पेन्सिलीने लिहायचा, सगळ्यात खालचा लिहायचा, दोन्हींची सरासरी काढायची. तो मधला आकडा शाईने रजिस्टरात. मग पेन्सिल खोडून टाकायची. पान स्वच्छ दिसलं पाहिजे. माझी पानं जिल्ह्यात सगळ्यात स्वच्छ, तसं प्रशस्तिपत्रक आहे माझ्याकडे, भिंतीवर लावलंय.

चर मारायच्या आधी उधाणाला वरचा आकडा एक पंच्याण्णव असायचा, खालचा एक पंच्याऐंशी. मधला एक नव्वद. चरानंतर वरचा दोन तीस, खालचा एक पन्नास.

मधला काढ.

एक नव्वद. मी खोटं काहीच लिहिलं नाही रे. एक आकडा चुकीचा नाही. फक्त लाट तेवढी खोडली. पाच बोटं हलणारं पाणी हातभर उड्या मारायला लागलं आणि मी रोज दोनदा ते खोडरबराने पुसून पान स्वच्छ करत राहिले. मला तसंच शिकवलं होतं. कोणालाही विचार, नियमच आहे तो. पाण्याची पातळी हवी असते, लाट नको असते.

असं मी गेले चार दिवस स्वतःला सांगतेय. नियम होता, नियम होता. आणि आता जे लिहितेय ते लिहायला हात तयार नाही.

मला त्या दिवशी माहीत होतं. सभेत. त्याच सकाळी मी दोन तीस आणि एक पन्नास लिहून खोडलं होतं, रबराचा चुरा अजून पदराला होता. सगळे हसले तेव्हा तू माझ्याकडे वळलास. म्हणालास, "ताई, तू रोज बघतेस ना? सांग ना यांना." आणि सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. बाबा बघत होते. साहेब बघत होते. मी खाली मान घालून पुन्हा वाचलं, एक मीटर नव्वद.

का? नोकरी जाईल म्हणून. बाबा चिडतील म्हणून. आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं मला. लहानपणापासून तू बोलायचास आणि सगळे तुझं ऐकायचे. त्या दिवशी माझं ऐकलं. लाज वाटते लिहायला, पण आता लिहिलंय, राहू दे.

आज दुपारी मी जुनी रजिस्टरं काढली. तुला माहीतच आहे, मी पेन्सिल दाबून लिहिते, मास्तर ओरडायचे. खोडलं तरी खाच राहते. पान खिडकीशी तिरपं धरलं की दिसते. अरे, सगळे आहेत! बारा वर्षांचे आहेत. वरचे, खालचे, सगळे. मी उतरवायला घेतलेत. मान मोडून गेलीय, बोटं आखडलीत, पण उधाणाचे दिवस जवळजवळ झालेत.

तू ये. एकवीसला ये. तू उभा राहिलास तर मला बोलता येईल.

ताई


२० फेब्रुवारी

तू येणार नाहीस, हो ना.

बरोबर आहे. मी तुला ये कोणत्या तोंडाने म्हणतेय? बाबा गेले तेव्हा तू आला होतास. दारात उभा होतास, चप्पल काढून. आईने कडी काढली नाही. आतून म्हणाली, "बापाला चारचौघांत खाली बघायला लावणाऱ्या खोटारड्याला ह्या घरात जागा नाही." तू तासभर उभा होतास. तुला वाटलं असेल ताई वर क्वार्टरमध्ये असेल, तिला कळलं नसेल. मी आत होते. आईच्या मागेच, दोन हातांवर. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, 'आई, तो खोटारडा नाही.' पडद्याच्या फटीतून मी तुझे पाय बघत राहिले, ते गेले तेव्हा मी खाली बसले.

हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. कार्ड पाठवू नकोस ह्यावर.

साहेब आज सहीचा कागद मागायला आले. मी म्हटलं, उद्या सुनावणीतच देते. ते म्हणाले, "तसंही चालेल, मॅडम. तुम्ही समोर असलात तर चांगलंच." आज मला जेवण गेलं नाही. घोटा ठणकतोय. खोलीत एवढ्या फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी छताला काठी ठोकली.

ताई


२२ फेब्रुवारी

डुबक्या,

सगळं सांगते, क्रमाने सांगते, मध्येच भरकटले तर सांभाळून घे.

हॉल भरला होता. खालच्या गल्लीचे लोक मागे उभे होते. पंचांच्या खुर्चीवर बाहेरून आलेल्या एक बाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. साहेबांनी नकाशा लावला, उत्तरेच्या कट्ट्यावर लाल रेघ. मग म्हणाले, आमच्या मॅडम सव्वीस वर्षं पाणी मोजतात, त्या सांगतील. आणि मला कागद दिला.

मी उठले. एका हाताने टेबल धरलं. म्हटलं, "हा आकडा बरोबर आहे. पण तो मधला आहे. मी वरचा आणि खालचा खोडत आले. ते आज आणलेत." आणि वाचायला लागले. पहिला चर मारायच्या आधीचं वर्ष, नंतरचं वर्ष, मग पुढचं. साहेब म्हणाले, "मॅडम, ह्याला रेकॉर्ड म्हणत नाहीत, पेन्सिलीच्या खाचा आहेत ह्या." तर त्या बाईंनी रजिस्टर मागून घेतलं, उठून खिडकीशी गेल्या, पान तिरपं धरलं. बराच वेळ धरलं.

मग मला विचारलं, "सहा वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये एका पाणबुड्याने हेच सांगितलं होतं, असं कागदात आहे. त्याला खोटं पाडलं गेलं. कोणी?"

मी म्हटलं, "मी. तो माझा सख्खा भाऊ. तो खरं बोलत होता आणि मला ते माहीत होतं."

हे मला तुझ्या समोर म्हणायचं होतं. नाही झालं. पण चारशे माणसांसमोर म्हटलं, आणि माईकवर.

मौनीकाका मागून ओरडले, "आणि चर आम्ही मागितला होता, तेही लिहून घ्या!" मग एकच गलका. शेवटी बाईंनी सांगितलं, उत्तरेच्या कट्ट्याला हात लावायचा नाही, आणि पहिला चर धोंडे टाकून अरुंद करता येईल का ते बघायला माणसं येतील. धोंड्यांवर प्रवाळ पुन्हा धरतं, असं कोणीतरी म्हणालं. तुला माहीत असेल. वेळ लागेल म्हणाले, वर्षानुवर्षं. तोवर उधाणाला गल्ली रिकामी करायची. मला चौकशीची नोटीस मिळालीय. मिळू दे.

आता आई.

ती येईल असं मला वाटलं नव्हतं. सुताराने आणली होती. मी पायऱ्या उतरले तर समोर उभी. मला म्हणाली, "तो खरं बोलत होता?"

"हो."

"आणि बाबा गेले त्या दिवशी, मी कडी काढली नाही, तेव्हा तू माझ्यामागे उभी होतीस."

"हो, आई."

आई रडली नाही, ओरडली नाही. मौनीकाकांकडे वळून म्हणाली, "त्याचा नंबर लाव." काकांकडे तुझा नंबर सगळी वर्षं होता, बघ! तिने फोन कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ केली. काय बोललात मला माहीत नाही. मी लांब उभी होते. एवढं दिसलं, की ती पायरीवर बसली, आणि फोन दोन्ही हातांनी धरला होता.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी गेले तर कडी आतून लावलेली. हाक मारली, आतून भांड्याचा आवाज आला, म्हणजे बरी आहे. तासभर उभी राहिले. तू किती वेळ उभा होतास ते मला आता कळलं.

तुझ्याशी ती आजही बोलली, काका म्हणाले. मग माझं एक काम कर. हे पत्र मिळालं की फोनवर तिला सांग, रोज दुपारी दाराच्या कडीला डबा अडकवलेला असतो, भात आणि वरण, गरम आहे तोवर घे. माझं नाव घेऊ नकोस. सुताराची बायको ठेवते म्हण.

ताई